तांबड्या रुमालातला ठोकळा

१

तांबडा रुमाल सोडला, तर आतून वहीऐवजी लाकडाचा ठोकळा निघाला.

सरकारी दफ्तरखान्यात रुमालातून काय निघेल याचा नेम नसतो म्हणा. उंदराची पिल्लं निघतात, कुणाचा तरी दहा वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा निघतो, एकदा तर अर्धी खाल्लेली बिस्किटं निघाली होती. पण तळ्याच्या पाण्याची बावीस वर्षांची नोंदवही ज्यात बांधून ठेवलेली, त्या रुमालातून ठोकळा निघावा आणि तोही नेमका बैठकीच्या दिवशी, म्हणजे हद्द झाली. दफ्तर सांभाळणारी मुलगी ठोकळा हातात धरून नुसती उभी राहिली. तिला कार्यालयात सगळे ‘नवी’ म्हणत. येऊन चार वर्षं झाली तरी ती नवीच. मग नवी तो ठोकळा घेऊन साहेबांकडे गेली. साहेबांनी ठोकळ्याकडे पाहिलं, नवीकडे पाहिलं, आणि फोन उचलला.

फोन गेला तो सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या दफ्तरदार बाईंना. अठ्ठावीस वर्षं बाईंनी तो दफ्तरखाना सांभाळला होता. साहेब तेव्हा त्यांच्या हाताखाली नवखे कारकून होते आणि फायलीला भोक कुठे पाडायचं तेही बाईंनीच शिकवलं होतं.

“बाई, एक वही सापडत नाहीये,” साहेब म्हणाले. “मोजणीदारांची.”

मोजणीदार म्हणजे बाईंचे यजमान. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

“येते,” बाई म्हणाल्या.

२

सहा वर्षांत जिन्याच्या पायऱ्या वाढल्या होत्या, निदान बाईंच्या गुडघ्यांना तरी तसं वाटलं. बाकी सगळं तेच. कठड्याचा तोच गुळगुळीत झालेला लाकडी गोळा, जुन्या कागदाचा आणि डांबरगोळ्यांचा तोच वास. मोजणीदार दर सोमवारी तळ्यावरून थेट इथे यायचे, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत ओले, आणि दारातूनच आकडा सांगायचे. दोनदा सांगायचे. एकदा वाऱ्यासाठी आणि एकदा वहीसाठी, असं म्हणायचे.

वरच्या मजल्यावर सभागृहाचं दार उघडं होतं. आत खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचलेल्या. बाईंनी सवयीने डोकावून पाहिलं आणि त्या पुढे गेल्या.

साहेबांनी बाईंना आपल्या खुर्चीत बसवायचा प्रयत्न केला. बाई समोरच्या स्टुलावर बसल्या.

प्रकरण साधं होतं. तळ्याचा एक अरुंद गळा होता. त्यावर भराव टाकून सरकारला रस्ता न्यायचा होता. कुठलंही मोठं काम हाती घेण्याआधी त्याने पाण्याचं, जमिनीचं, माणसांचं काय होणार हे तपासायचं बंधन सरकारवर असतं, आणि ती तपासणी या कार्यालयाची. त्यासाठी दुपारी चार वाजता समिती बसणार होती. एका सल्लागाराने एक उन्हाळा तळं मोजून अहवाल दिला होता की तळ्याचा आणि गावातल्या विहिरींचा काही संबंध नाही. मोजणीदारांची वही मात्र म्हणत होती की तळं चढलं की आठवड्याभराने विहिरी चढतात, आणि पाणी जातं ते नेमकं त्या गळ्यातून.

“मग घाबरतोस कशाला?” बाई म्हणाल्या. चारचौघांत त्या साहेबांना साहेब म्हणत. दार लोटलेलं असलं की नाही. “मूळ नोंद टेबलावर नसेल तर बैठकच नाही. नियमच आहे. वही मिळेपर्यंत पुढे ढकल.”

“होता, बाई,” साहेब म्हणाले. “दोन वर्षांपूर्वी बदलला. आता मूळ नोंद मिळाली नाही तर सल्लागाराचा गोषवारा धरतात आणि पुढे जातात. आज चारपर्यंत वही आली नाही, तर गळा बुजला म्हणून समजा.”

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. बावीस वर्षांचे सोमवार, आणि हातात पाच तास.

३

“मी काही केलेलं नाही,” नवीने बोलायला सुरुवातच तिथून केली. “मंगळवारी सल्लागारांना वही वाचायला दिली. दोन तास ते आत एकटेच होते. त्यांच्याकडे मोठी बॅग होती. त्यांनी परत दिली, मी जागेवर ठेवली. आज काढायला गेले तर हे.”

“परत दिली तेव्हा उघडून पाहिलीस?”

“हो. वहीच होती.”

“आणि आज रुमाल सोडलास कसा?”

नवीने ओठ चावला. “गाठ सुटेना. कात्रीने नाडी कापली. तुमच्यासारखं गाठींशी खेळत बसायला मला वेळ नसतो, बाई. माझ्याकडे चार हजार फायली स्कॅन करायच्या पडल्यात.”

बाई चिडल्या नाहीत. मुलगी खरं बोलत होती. शिवाय तिचे डोळे लाल झाले होते. वही गेली तर पहिला ठपका तिच्यावरच येणार हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

बाईंनी ठोकळा हातात घेतला आणि त्यांना हसू आलं. दोन वीत लांब, रंधा मारलेला. असे दहा-बारा ठोकळे त्यांनीच सुताराकडून करून घेतले होते. मांडणीतून एखादी जाड वही बाहेर गेली की तिच्या जागी ठोकळा ठेवायचा, नाहीतर शेजारच्या वह्या कलंडतात आणि त्यांची पाठ मोडते. आता मांडणीवर नजर टाकली तर निम्म्या वह्या दारुड्यासारख्या एकमेकींच्या अंगावर रेललेल्या.

“हे कशासाठी असतात माहीत आहे तुला?”

“दाराला लावायला,” नवी म्हणाली. “एक मी लावते. बाकीचे जिन्याखाली पडलेत.”

बाईंनी रुमाल उलगडून झटकला. आतून काही पडलं नाही. त्यांनी पुन्हा झटकला. कोपरे चाचपले.

“डांबरगोळ्या कुठायत?”

“कसल्या?”

“तांबड्या रुमालात, म्हणजे कायम ठेवायच्या दफ्तरात, चार कोपऱ्यांना चार गोळ्या असतात. वाळवी लागू नये म्हणून. शेजारच्या रुमालात बघ.”

शेजारच्यात होत्या, चारच्या चार. त्याच्या पलीकडच्यातही होत्या. फक्त मोजणीदारांच्या रुमालातून कुणीतरी गोळ्या वेचून नेल्या होत्या.

बाईंनी कापलेली नाडी उजेडाकडे धरली. गाठ अजून शाबूत होती. तिचं एक टोक त्यांनी हलकेच ओढलं, आणि ती सर्रकन सुटली. ही गाठ त्यांची स्वतःची होती. आयुष्यात त्यांनी ती तिघांनाच शिकवली होती. त्यातला एक, त्यांचा नवरा, आता या जगात नव्हता.

उरलेल्या दोघांपैकी एकाने त्यांना आज सकाळी फोन केला होता. दुसरा त्यांच्यासाठी चहा घेऊन दारात उभा होता.

४

“बाई, बिनसाखरेचा ना?” शिपाई काका म्हणाले.

काका सगळ्या कार्यालयाचे काका, बाईंचे मात्र नाही. ते एकोणीस वर्षांचे असताना नोकरीला लागले होते आणि पहिल्याच सोमवारी मोजणीदारांनी त्यांना तळ्यावर नेलं होतं, पाण्यात पट्टी धरायला. पुढे एकवीस वर्षं त्यांनी पट्टी धरली. आता निवृत्तीला तीन महिने उरले होते. अजूनही कार्यालयाचं कुलूप सकाळी तेच उघडत आणि संध्याकाळी तेच लावत.

“तुला कळलं ना काय झालं ते?” बाईंनी विचारलं.

“कळलं.” काकांनी कप खाली ठेवला. “काळजी करू नका, बाई. साहेबांची वही कुठे जात नाही.” काका साहेब म्हणत ते मोजणीदारांना. आताच्या साहेबांना ते ‘आपले साहेब’ म्हणत.

एवढं बोलून ते निघून गेले. बाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. चहा कधी नव्हे तो नकोसा झाला. याने? ज्याने मोजणीदारांच्या आजारपणात चार महिने बाईंबरोबर पाळीपाळीने दवाखान्यात रात्री काढल्या, त्याने ती वही विकली असेल? बाईंना स्वतःच्या विचाराची लाज वाटली, पण गाठ तर डोळ्यांसमोर होती.

एक वाजता सल्लागार आले. बुटांना आरसा म्हणावं अशी चकाकी, बोलणं लोण्यासारखं.

“अक्षर फार सुंदर आहे हो तुमच्या यजमानांचं,” ते म्हणाले. “पण शेवटी एका माणसाने काठीने मोजलेलं. त्याची पडताळणी कशी करायची? म्हणून मी ते अहवालात धरलं नाही.”

“वही सापडली नाही तर तुमची सोयच झाली.”

“अगदी खरं सांगू? वही टेबलावर आली तर चार प्रश्न जास्त विचारतील. नाही आली तर लवकर घरी जाईन.” त्यांनी बॅग आपण होऊन उघडून दाखवली. लॅपटॉप, छत्री, एक सफरचंद.

बाईंनी तांबडा रुमाल आणि दुसरी एक नाडी त्यांच्यापुढे सरकवली. “हा ठोकळा यात बांधून दाखवता?”

सल्लागारांना गंमत वाटली. त्यांनी ठोकळा गुंडाळला, पोटाशी धरला, दोनदा सुटला, शेवटी बुटाच्या लेससारखी फुलाची गाठ मारून ते अभिमानाने बाईंकडे बघू लागले.

“छान,” बाई म्हणाल्या. “जा तुम्ही.”

बॅगेत जागा असून उपयोग नव्हता. या गृहस्थांना ती गाठ सात जन्मांत जमली नसती.

५

दोन वाजून गेले. बाई साहेबांच्या खोलीत परत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

“नाडी बांध,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी काही न विचारता ठोकळ्याभोवती नाडी फिरवली आणि एका झटक्यात गाठ मारली. मग त्यांचा चेहरा पडला. “बाई, तुम्हाला मी वाटतोय?”

“मला कुणीच वाटत नाहीये, म्हणून तर पंचाईत.” बाई स्टुलावर टेकल्या. “हे बघ. चोराला वही नको असती तर त्याने ती फाडली असती, जाळली असती. गोळ्या कशाला नेल्या असत्या? डांबरगोळ्या नेतो तो माणूस वही जपून ठेवणार असतो. मांडणीत ठोकळा ठेवतो तो शेजारच्या वह्यांचीसुद्धा काळजी करतो. मग ज्याचा त्या वहीवर एवढा जीव, तो ती आजच्या दिवशी लपवेल कशाला? तळ्याचं वाटोळं करायला?”

“तेच तर,” साहेब म्हणाले. “वही लपवली की रस्ता झालाच.”

“झालाच,” बाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

सकाळी याच स्टुलावर बसून त्या काय म्हणाल्या होत्या? मूळ नोंद नसेल तर बैठकच नाही. किती ठामपणे म्हणाल्या होत्या. अठ्ठावीस वर्षं हेच घोकलं होतं आणि दुसऱ्यांकडून घोकून घेतलं होतं.

“तो नियम बदलल्याचं परिपत्रक कसं आलं होतं रे?”

“ईमेलवर. सगळ्यांना गेलं.”

“सगळ्यांना म्हणजे?”

“म्हणजे…” साहेब अडखळले. “ज्यांना ईमेल आहे त्यांना.”

बाईंच्या वेळी परिपत्रक आलं की त्या ते मोठ्याने वाचायच्या, अख्खं कार्यालय ऐकायचं, आणि मग काका ते फळ्यावर लावायचे. तो फळा अजून व्हरांड्यात होता. त्याच्यावर आता कुणाच्या तरी स्कूटर-विक्रीची चिठ्ठी होती, तीही पिवळी पडलेली.

“आणखी एक सांग. बैठक चारला. सभागृहात खुर्च्या कुणी मांडायच्या?”

“काकांनी. ते तर आदल्या दिवशीच मांडून ठेवतात.”

“आज मांडल्यात?”

साहेब उठून व्हरांड्यात गेले आणि परत आले. खुर्च्या भिंतीशी तशाच रचलेल्या होत्या. तीन वाजायला पाच मिनिटं कमी होती.

६

काका स्वयंपाकाच्या कोनाड्यात कप विसळत होते. बाई दाराशी उभ्या राहिल्या.

“खुर्च्या का नाही मांडल्यास?”

काकांनी नळ बंद केला. “आज बैठक नाही ना, बाई.”

“कुणी सांगितलं?”

“तुम्हीच सांगितलेलं. मूळ नोंद टेबलावर नाही, तर बैठक नाही.” काका वळले. चेहऱ्यावर थोडी भीती होती आणि थोडा अभिमानही. “ते सल्लागार फोनवर बोलताना ऐकलं मी. साहेबांची वही धरणार नाही म्हणाले. गळा बुजवणार म्हणाले. म्हटलं, वहीच नसली तर बसतील कसे? तीन महिने जरी लांबलं, तरी तोवर कुणीतरी शहाणा माणूस येईल.”

बाईंनी जवळ जाऊन काकांच्या हातातला ओला कप काढून घेतला.

“नियम बदलला रे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “दोन वर्षं झाली. आता वही नसली तरी बसतात. वही नसली तर सल्लागाराचंच खरं धरतात.”

काका एकदम भिंतीला टेकले. “म्हणजे मी साहेबांची… माझ्याच हाताने…”

“मीसुद्धा तेच केलं असतं. सकाळी मलाही तेच वाटलं. मला तरी कोण सांगायला आलं होतं?”

“चला, दाखवतो कुठे आहे ती.”

“थांब. सांगू नकोस.” बाईंच्या डोळ्यांत जुनी चमक आली होती. “तुला शिकवलंय कुणी? दफ्तर उंबरा ओलांडत नाही, तेव्हा वही याच इमारतीत. खालच्या फळीवर नाही, ओल चढते. वरच्या फळीवर नाही, छत गळतं. बाहेरच्या भिंतीला नाही. आतल्या भिंतीची तिसरी फळी. आणि तांबडा रुमाल ठोकळ्याला दिलास, म्हणजे वहीला पांढरा. पाच वर्षांनी फाडायच्या कागदांचा. सांग, कशाचा?”

“सायकल भत्ता,” काका रडत रडत हसले. “तो कोण उघडतोय?”

वही तिथेच होती. पांढऱ्या रुमालात, चार कोपऱ्यांना चार गोळ्या, आणि वर बाईंची गाठ. कात्री घ्यायला नवी वळली तेव्हा बाईंनी तिचा हात धरला, तिच्या बोटांत नाडीचं टोक दिलं आणि म्हणाल्या, “ओढ.”

नंतर साहेब, नवी, काका आणि बाई चौघांनी मिळून खुर्च्या मांडल्या. चार वाजायला दोन मिनिटं कमी असताना शेवटची खुर्ची लागली.

बैठकीत बाईंना एकच काम होतं, अक्षर ओळखून साक्ष द्यायची. पण समितीच्या अध्यक्षबाईंनी मधलंच एक पान उघडून त्यांना वाचायला लावलं. जुन्या पुलाच्या दुरुस्तीचा राडारोडा गळ्यात पडून राहिला होता ते सात आठवडे. तळं काठोकाठ, आणि पलीकडच्या विहिरी दर सोमवारी खाली. बाईंनी सातही आकडे वाचले. प्रत्येक आकडा नकळत दोनदा वाचला, आणि त्या असं का करतायत ते फक्त काकांना कळलं.

अध्यक्षबाईंनी सल्लागारांना विचारलं, “हे एका माणसाने काठीने मोजलंय, मान्य. तुम्ही गळा बंद करून एकदा तरी मोजलंत का?” सल्लागार त्या दिवशी लवकर घरी गेले नाहीत.

रस्ता नकोच असं कुणी म्हटलं नाही. समितीने लिहिलं की आधी वर्षभर, जुन्याच जागी, दर आठवड्याला तळं आणि विहिरी मोजा. त्याशिवाय भरावाची एक पाटीही पडणार नाही.

साहेबांनी काकांना लेखी समज दिली. द्यावीच लागली. दफ्तराच्या नोंदवहीत कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते मात्र त्यांना सुचेना, तेव्हा पेन बाईंनी घेतलं. त्यांनी लिहिलं, “वही इमारतीबाहेर गेली नाही. नियम बदलल्याचे शिपायास कोणीही कळवले नव्हते.” खाली काकांनी सही केली. त्याखाली साहेबांनीही केली, आणि संध्याकाळी व्हरांड्यातल्या फळ्यावरची स्कूटरची चिठ्ठी स्वतः काढून टाकली.

७

सोमवारी सकाळी सात वाजता तळ्यावर वारा होता. नवीने कोरी वही आणली होती, पण पहिलं पान तिने बाईंनाच लिहायला दिलं. बाई काठावरच्या दगडावर बसल्या. पूर्वी त्या इथेच बसायच्या, लग्न नवं होतं तेव्हा, आणि मोजणीदार पाण्यातून ओरडायचे की आकडा लिही, माझ्याकडे काय बघतेस. बाईंना त्यांची फार आठवण आली. इतकी की दोन क्षण तारीखच लिहायची राहिली.

काका पँटचे पाय दुमडून पाण्यात उतरले. पट्टी तळाला टेकवली, वाकले, डोळे बारीक केले.

“एक मीटर एकेचाळीस.”

नवीने बाईंकडे पाहिलं. बाईंचं पेन कागदाच्या जरा वरच थांबलं होतं.

“लिहा ना, बाई. ऐकू नाही आलं का?”

“आलं,” बाई म्हणाल्या. “थांब जरा.”

“एक मीटर एकेचाळीस,” काका पाण्यातून पुन्हा म्हणाले, आणि बाईंनी लिहिलं.